दोन कोऱ्या ओळी

यायत पार विटला होता. बांडुंगमधल्या निम्म्या दुकानांची बिलं छापणारं सॉफ्टवेअर त्याचं, आणि त्याच्या तक्रारीही एकट्या त्याच्याच बोडक्यावर! त्याचा हिशेब साधा होता. फुकट वापरायचं तर त्यावर रचलेलं तुमचं कामही सगळ्यांना खुलं ठेवा. झाकून ठेवायचं तर पैसे मोजा. आता जकार्ताची एक मोठी कंपनी पैसे मोजायला तयार झाली होती. त्यात एखादा मदतनीस ठेवता आला असता, यायतला जरा पाठ टेकता आली असती.

पण मेख होती. असं विकायचं तर सगळं लिखाण स्वतःच्या मालकीचं हवं, आणि मध्येच कागद संपला की उरलेलं बिल नीट छापणारा भाग निनिंगनं लिहिलेला. ती कॉलेजात त्याच्या पुढे होती, म्हणून अजूनही 'तेह', म्हणजे ताई. त्या भागाचे हक्क लिहून घ्यायला तो मोटरसायकल काढून गारुतला तिच्या घरी गेला.

"सही? मुळीच नाही," निनिंग म्हणाली. "मी ते सगळ्यांना दिलंय, तुला विकायला नाही. आयत्या बिळावर नागोबा कुठला!"

"अगं तेह, मी मरायला टेकलोय."

"मग चहा पिऊन मर."

मग त्यानं तिचा भाग उपटून टाकला आणि तो न उघडता, मान मोडून स्वतः नवा लिहिला. कंपनीच्या वकिलानं तपासून परत पाठवला: हे तर तिचंच आहे. यायतनं दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नवा कागद घातला की आधी दोन कोऱ्या ओळी सोडायची तिची खोडसुद्धा जशीच्या तशी उतरली होती. इतकी वर्षं तेच वाचून वाचून त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. कंपनीनं दुसरीकडे सौदा केला.

त्यानं निनिंगला फोन करून सगळं सांगितलं. ती खो खो हसली.

"एवढं पाठ केलंस रे! आणि एकदा तरी म्हणालास, तेह, बरं लिहिलंयस म्हणून?"

"याहून चांगलं मला सुचलंच नाही, तेह."

"सही तरीही नाही हं."

"मागतच नाहीये."

"बरं, ऐक. कागद संपल्याच्या तक्रारी आजपासून माझ्याकडे धाड. माझं मी निस्तरीन. तू जरा झोप."

"हो," म्हणता म्हणता त्याला रडूच फुटलं.