शेवटचं अक्षर

खरं सांगायचं तर पान्या हे लिहिणारच नव्हता. गाडीच्या ढुंगणावर चार अक्षरं चिकटवली, त्यात लिहिण्यासारखं काय? पण मुक्याचा मामा सगळीकडे भलतीच गोष्ट सांगत सुटलाय, आणि मामाचं तोंड म्हणजे सायलेन्सर गळालेलं इंजिन. तर मग घ्या.

गाडी मुक्याच्या वडिलांची. जुनी, लांबडी, काळीभोर. पुढच्या दोन्ही मडगार्डांवर एकेक उडता पक्षी, आणि मागे डिकीवर चकचकीत, सुट्या सुट्या अक्षरांत गाडीचं नाव. वडील गेले आणि गाडी मामाने मनावर घेतली. मामा जुन्या गाड्यांच्या क्लबचा मेंबर. क्लबची टोपी आहे, क्लबचा शर्ट आहे, क्लबचा रुमालसुद्धा आहे. अक्कल तेवढी क्लबने दिलेली नाही. या माणसाने जन्मात स्टेपनी बदलली नसेल, पण बॉनेट उघडून आत बघत 'हं... हं...' करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

रविवारी क्लबचं प्रदर्शन. परीक्षक येणार, गाड्यांभोवती फिरून मार्क देणार. त्यासाठी मामाने गाडी रंगाला टाकली. रंगवाल्याने पक्षी आणि अक्षरं उतरवली तशी खालची भोकं दिसली. आता प्रत्येक अक्षराला मागून दोन पिना असतात, त्या पत्र्यातल्या भोकांत जातात, आतून चाप धरून ठेवतो. शेंबड्या पोराला कळेल. मामा म्हणाला, "ही भोकं बुजवा आधी. गाडीला देवी आल्यासारखं दिसतंय." रंगवाला हुकमाचा ताबेदार. पुट्टी भरली, घासली, रंग मारला. गाडी घरी आली ती टकली होऊन. मग मामाने पिनाही कापून टाकल्या. का, तर आता सगळं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर लावतात म्हणे.

तेव्हा कुठे मुक्याने पान्याला बोलावलं. मुक्याला मुक्या म्हणतात कारण त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला बोल्ट काढायचा. पान्या असली कामं बघून बघून शिकलेला. हात एकदम सरळ, आणि त्याचा माज भरपूर.

शेडमध्ये जाऊन बघतो तर पक्षी मामाने आधीच लावलेले. दोघंही डिकीकडे तोंड करून.

"मामा, हे उडतायत कुठे?"

"म्हणजे?"

"गाडी पुढे चाललीय आणि पक्षी घरी परत चाललेत."

मामाने एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. "तो वाऱ्याचा रोख असतो. आमच्या क्लबात बऱ्याच गाड्यांना असंच आहे."

"रिव्हर्समध्ये चालवता का तुम्ही त्या?"

मुक्या खोकला. हसू आलं की तो खोकतो.

पान्याने हेअर ड्रायरने पक्षी गरम केले, मागून नायलॉनची बारीक दोरी करवतीसारखी ओढली, टेप सुटली. राहिलेला चिकटा अंगठ्याने चोळून काढला, जागा स्पिरिटने पुसली आणि डावा उजवीकडे, उजवा डावीकडे लावला. "मी तेच म्हणत होतो," मामा म्हणाला.

आता अक्षरं. मामाने क्लबच्या मासिकातला फोटो समोर धरला. "हे असं. एका रेषेत."

"शेवटचं वाकडं होतं," मुक्या म्हणाला.

"माहितीय. भोकं गंजून पडलं होतं ते दाजींनी परत लावलं, आजारपणात. लावलं म्हणजे काय, ठोकलं आणि सोडून दिलं. त्यांना कसली चाडच नव्हती. दारू प्यायल्यासारखं लटकत होतं. लोकांत माझी मान खाली जायची." आणि मामा फोन घेत आत गेला.

पान्याची पंचाईत झाली. कारण मामाचं त्याला पटलं. मामाचं! वाकडं ते वाकडं. आणि लोक विचारणार, लावलं कुणी?

"मुक्या, सरळ लावतो हं."

"वाकडंच लाव. बाबांनी लावलं होतं तसं."

"अरे, आंधळ्याने लावलं म्हणतील. नाव माझं जाईल, तुला काय?"

मुक्याने ते अक्षर उचलून पान्याच्या हातात ठेवलं. पान्याला असा राग आला. मामासमोर शेपूट घालतोस आणि हुकूम सोडायला मी बरा!

बरं, वाकडं म्हणजे किती? बाहेर तर सगळं आरशासारखं. पान्याने डिकी उघडली, मान आत घातली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मोबाईलचा उजेड मारला. आतून घासायचे कष्ट रंगवाल्याने घेतलेच नव्हते. प्रत्येक भोकातून पुट्टी आत येऊन वाळली होती, मसुराएवढे गोळे. एकेका अक्षराचे दोन दोन, शिस्तीत. शेवटच्या अक्षरापाशी मात्र गोळेच गोळे. एकाला खेटून दुसरा, वर एक, खाली एक, दोन तर एकमेकांत घुसलेले. नुसती चाळण.

पान्याने बोटाने चाचपून पाहिलं. परत पाहिलं. थरथरत्या हाताने ड्रिल धरून माणूस सरळ रेष शोधत होता. चुकलं, नवं भोक पाडलं. परत चुकलं, परत पाडलं. आणि मामाला यात काय दिसलं, तर देवीचे वण.

"मुक्या, इकडे ये. हात घाल आत."

मुक्याने हात घातला. बोटं फिरली, थांबली, परत फिरली. या वेळी तो खोकला नाही.

"त्यांनाही सरळच हवं होतं की रे," पान्या हळू आवाजात म्हणाला. "मग लावू ना सरळ."

"हवं होतं. जमलं नाही. जमलं तेवढं राहू दे." मुक्याच्या मानाने हे भाषणच झालं.

दोन गोळ्यांभोवती चापाचे गंजके ठसे होते. अक्षर शेवटी टिकलं ते याच दोन भोकांवर. पान्याने तिथून माप घेतलं आणि बाहेरच्या बाजूला कागदी टेपवर पेन्सिलने खूण केली. तेवढ्यात मामा आला आणि तिरकी खूण बघून किंचाळलाच. "अरे, परीक्षक मार्क कापतील!"

"कापू देत," मुक्या म्हणाला. "गाडी बाबांची आहे."

 मामा टोपी नीट करत म्हणाला, "मग मी हात वर करणार. ज्याला त्याला सांगणार, हा गोंधळ आमचा नाही."

मुक्याचा चेहरा उतरला. रविवारी त्या टोप्यांच्या गर्दीत मामा काय बोलेल, लोक वडिलांना कसे हसतील, ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं.

पान्याने शेवटचं अक्षर उचललं, मागे टेप लावली. "ए मुक्या, रविवारी मी येतो. दिवसभर या डिकीमागे उभा राहतो. जो हसेल त्याला म्हणेन, साहेब, आधी आत हात घाला, मग बोला. परीक्षक असो नाहीतर हा तुझा मामा. एकालाही सोडणार नाही. शब्द देतो."