गणिताखालची लाल रेघ

थोरलीचं लग्न झालं त्या साली सुताराची धाकटी आठवीत होती. सहामाहीचा निकाल लागला तेव्हा ती तापानं फणफणली होती, म्हणून प्रगतिपुस्तक आणायला सुतार स्वतःच निघाला.

बायको दारातूनच म्हणाली, “गणितात गटांगळी खाल्ली असेल, तर बसवा घरी. थोरली गेल्यापासून माझे दोन हात पुरत नाहीत.”

शाळेत शिपायानं पुस्तक हातात ठेवलं. सुताराला अक्षरओळख नव्हती. आजवर धाकटी वाचून दाखवी आणि तिनंच शिकवलेली सही तो ठोकून देई. व्हरांड्यात त्यानं पुस्तक उघडलं. एका ओळीखाली लाल रेघ होती. तो तडक वर्गशिक्षिका बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

“बाई, पोरीला काढू नका.”

“अहो, कोण काढतंय?”

“ही लाल रेघ! आमच्या कामात लाल रेघ मारली की तिथं करवत चालते.”

शेजारचे चित्रकलेचे सर फिसकन हसले. बाई हसल्या नाहीत.

“तुमचं लक्ष जावं म्हणून मारलीय ती. गणितात नऊ गुण कमी पडलेत. बसा आधी.”

त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली, पान शोधलं आणि वाचायला लागल्या. “वर्गात बोलत नाही. शंका विचारायला मधल्या सुट्टीत एकटी येते. चुकलेलं उदाहरण खोडत नाही, शेजारी पुन्हा सोडवते. अपूर्णांकात अडते. पट्टी न लावता सरळ रेघ काढते.”

सुतार ऐकतच राहिला. फळी नुसती हातात घेतली की तिची गाठ कुठं, चीर कुठं, हे तो सांगे. पण पोटच्या पोरीबद्दल यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं.

“असं किती जणांचं लिहिता?”

“एकशे ऐंशी जणांचं. तीन वर्गांना गणित शिकवते मी.”

“सगळ्यांचं?”

“मग? कुणाला वगळू?”

त्यानं नकळत पायातल्या चपला काढल्या. बाईंनी प्रगतिपुस्तक पुढं सरकवलं. “इथं पालकांनी अभिप्राय लिहायचा असतो.”

सुताराचे कान तापले. “मला लिहिता येत नाही, बाई.”

“मग सांगा. मी लिहिते.”

“लिहा, बाई फार मोठ्या आहेत.”

“माझं नको. मुलीचं सांगा. मला माहीत नसलेलं काहीतरी.”

“मी रंधा मारताना ती खाली बसते. रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या पातळ सालींमधली सगळ्यात लांब, न तुटलेली निवडून ठेवते. कशाला गं, म्हटलं, तर म्हणते, बाबा, ही निघताना तुमचा हात थांबला नव्हता.”

बाईंनी शब्द न् शब्द लिहून घेतला. मग वहीतल्या त्या पानावरही उतरवला.

“हे मला कळलं नसतं,” त्या म्हणाल्या. “मधल्या सुट्टीत तिला रोज अपूर्णांक शिकवीन. पाठवाल ना?”

“ताप उतरला की पाठवतो.”

घरी बायकोनं विचारलं, “मग? बसवायची घरी?”

“तिच्या वाटचं काम मी करीन. पोर शाळेत जाणार.”

वार्षिक परीक्षेत धाकटी गणितात काठावर पास झाली. पुढच्या वर्षी सुतार प्रौढांच्या वर्गात जाऊन बसला. धाकटीच्या दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या प्रगतिपुस्तकात त्यानं स्वतःच्या हातानं तिच्याविषयी तीन ओळी लिहिल्या आणि त्या वाचून बाईंनी खाली सही केली.

त्यानंतर चार महिन्यांनी, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, बाई वारल्या. त्यांच्या जाड वहीत, धाकटीच्या पानावर, सुताराच्या त्या तीन ओळीही उतरवलेल्या होत्या.