पाळण्यावरचा निजलेला बुद्ध

मी भिंतीवर आडवा पडलेला बुद्ध बोलतोय. दगडाचा नाही, सुताचा. उजवी कूस, हाताची उशी, मिटलेले डोळे.

माझा जन्म सोलापुरात, भवानी पेठेतल्या गैबीसाबच्या मागावर झाला. माझं मूळ चित्र श्रीलंकेतलं म्हणे. त्यात माझ्याभोवती भिक्खू रडत होते. कारखान्याचा मालक म्हणाला, "गैबीसाब, ही रडकी माणसं काढा. भिंतीवर कोण लावंल?"

"बरं झालं मालक, मागाला नक्षीचे भोकं पाडलेले पुठ्ठे बी कमी लागतेत की."

भिक्खू गेले. माझी शेवटची घटका दुपारच्या डुलकीसारखी दिसू लागली.

दुकानात भावंडं पुष्कळ होती. डोक्यावर ज्योत असलेला थायलंडचा, औषधाचं पात्र घेतलेला तिबेटचा निळा. आरोही आली ती दिवस भरत आलेली. "निळा नको बाई, गारठल्यासारखा दिसतो," म्हणाली आणि माझ्यापाशी थांबली. "अहो, हा बघा किती गाढ झोपलाय! पाळण्यावर हाच."

"बाळाला तरी झोप लागू दे, तुला तर लागत नाही," तिचा नवरा अभिमन्यू हसला.

लेक जन्मली. आरोही शिकलेली, पण मोबाइलवर रोग शोधत बसायची. उचकी लागली म्हणून एकदा, शिंका आल्या म्हणून एकदा, दवाखान्यात पळाली. डॉक्टर हसले. "आता गेले तर माझ्याच नावाचा केसपेपर काढतील," ती म्हणाली.

मग लेक झोपू लागली. दूध अर्धं टाकून झोपायची.

"पिवळी वाटते का हो?"

"पडद्याचा रंग पडलाय. परत सुरू नको करू."

आरोहीने माझ्याकडे पाहिलं आणि एकदाची काळजी सोडून दिली. माझ्या भरवशावर.

मोहोळहून तिची सासू सोजरबाई आली. विहारात नेमानं जाणारी. पिशवी खाली ठेवायच्या आधीच ती माझ्यासमोर थबकली.

"आगं, ह्यो हितं कशाला लावला?"

"झोपलेत ना, म्हणून."

"झोपलेत न्हवं. तथागतांचं जाणं हाय हे, महापरिनिर्वाण. लेकराच्या उशाला लावत्यात व्हय, येडे?"

आरोही हसायला गेली. हसू अर्ध्यातच राहिलं. तिने पाळण्यातून लेकीला उचललं. मान लुळी पडली. तळपायापर्यंत हळद. टिचक्या मारल्या, तरी डोळे उघडेनात.

दवाखान्यात रक्त बदललं. लेक जगली. "कावीळ मेंदूपर्यंत गेली होती. ऐकू येतं का, ते तपासावं लागेल," डॉक्टर म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

घरी आल्यावर सोजरबाई मला उतरवायला उठली.

"राहू द्या आत्या. त्यांनी काय केलं? बघायला पाहिजे होतं ते मी."

सुतात जीव नसतो, तरी हे मला ऐकवेना. माणसांनो, आम्हाला घरी न्या, फुलं वाहा, पण आम्ही कोण ते आधी विचारा. आमच्या चेहऱ्यावरच्या शांतीला लेकरं राखायला सांगू नका. ते तिला जमत नाही.

आता लेक हसू लागली आहे. तपासणीच्या तारखेपर्यंत आरोहीला दम निघेना. आज सकाळी पाळण्यामागे उभं राहून तिने थाळीवर पळी हाणली.

शेजारच्या घरातलं तान्हं दचकून रडायला लागलं.

आमची लेक माझ्याकडे बघून हसत होती.