वैऱ्याची पिशवी मीच शिवली

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो, आणि मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून भलत्या मोठेपणाची अपेक्षा तुम्ही करणार नाही.

माझं अंग ओतीव लोखंडाचं. कारखान्यात मला काळा रंग दिला, चाक बसवलं, तेल घातलं आणि दुकानात पाठवलं. पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते बाईंच्या घरी आल्यावर. बाई म्हणजे माझी मालकीण. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे शिवून त्यांनी एकटीच्या बळावर घर चालवलं. बाहेरच्या खोलीतली खिडकीजवळची जागा माझी होती. "टीप बघा, कशी आखल्यासारखी," असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी फुलून जायची.

बाईंची एकुलती लेक चिंगी माझ्या पायडलवर बसून खेळत वाढली. चौथीत असताना तिने बाहुलीचा फ्रॉक शिवला. दहावीपर्यंत तिला गणवेश बेतण्यापासून कॉलर बसवण्यापर्यंत सगळं येऊ लागलं. मला वाटायचं, बाईंनंतर ही माझीच.

मग तिने माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेतला आणि मामाने तिला लॅपटॉप आणून दिला.

काय सांगू त्याचं कौतुक. पातळ, चपटा, अंगात धड एक चाक नाही. त्याचा उजेड त्याच्यापाशीच, तरी खिडकीजवळची जागा त्यालाच मिळाली, कारण प्लग तिथे होता. मला दाराआड सरकवलं. माझ्यावर बसताना चिंगीने कधी हात पुसले नव्हते. त्याला हात लावण्याआधी ती फडक्याला दोनदा हात पुसायची. वर कडी म्हणजे, बाईंनी त्याच्या पिशवीसाठी पेटीतली निळी मखमल काढली. कित्येक वर्षं जपलेलं कापड ते. त्याला आतून मऊ अस्तरही लावलं. आणि ती पिशवी शिवली कुणी? मीच. माझ्या अंगावर तेव्हा फाटक्या चादरीचा तुकडा असायचा. त्या दिवशी माझा दोरा सात वेळा तुटला.

"आज हिचं काय बिनसलंय कोण जाणे," बाई म्हणाल्या.

तेल कमी पडलं होतं की मत्सर जास्त झाला होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

चिंगीचं पहिलं वर्ष कसंबसं गेलं. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी शाळेतच प्रोग्रामिंग केलं होतं. ती मुलं भराभर टाइप करायची, चिंगी दोन बोटांनी एकेक अक्षर शोधायची. घरी येऊन म्हणायची, "त्यांना सगळं आधीच कसं येतं गं?" तिच्या आवाजातली जळजळ मी चटकन ओळखायची. दुसऱ्या वर्षी ती डेटा स्ट्रक्चर्स नावाच्या, म्हणजे संगणकात माहिती रचून ठेवण्याच्या, विषयात नापास झाली.

निकाल बघून तिने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, पिशवी कपाटावर टाकली आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, मला ते नाही जमत. मी तुझ्याबरोबर शिवणच करते."

मित्रांनो, लपवत नाही, मला उकळ्या फुटल्या. वैरी कपाटावर धूळ खात होता आणि चिंगीचे पाय माझ्या पायडलवर होते. बाराएक दिवस मी अगदी राणीसारखी राहिले. फक्त तिची टीप वाकडी जाऊ लागली होती. कापडावर मधूनच पाण्याचा थेंब पडायचा आणि ते ओलं कापड माझ्या सुईखालून सरकायचं. मी तिकडे काणाडोळा केला.

एके दुपारी तिने डावी बाही उजव्या खांद्याला जोडली. बाईंनी तो सदरा घेतला आणि ब्लेडने उसवायला बसल्या.

"शिवण कुठे पळून जात नाही," त्या खालमानेनेच म्हणाल्या. "आवडतं म्हणून बस, मी नाही म्हणणार नाही. पण तोंड लपवायला माझी मशीन वापरू नकोस."

चिंगी बाहीचे सुटलेले दोरे वेचू लागली.

"तो विषय आहे तरी काय?"

"तुला नाही कळणार."

"नाही कळलं तर नाही कळलं. सांग तर."

चिंगीने नाइलाजाने शिवायला आलेल्या कापडांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "असा ढीग असला की त्याला स्टॅक म्हणतात. शेवटी ठेवलेलं आधी हाती येतं."

"आणि पहिल्या गिऱ्हाइकाचं कापड तळाशी राहतं. मग ते दारात येऊन भांडतं."

"म्हणून दुसरा प्रकार असतो, क्यू. म्हणजे रांग. आधी आलेला आधी."

"मग हे आधी सांगायचंस की," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी उगाच बोलणी खातेय."

चिंगीला हसू आलं. ती उठली आणि तिने कपाटावरची पिशवी खाली काढली. माझं राज्य तिथेच संपलं.

त्यानंतर रोज दुपारी बाई शिवत आणि चिंगी त्यांना शिकवत असे. चिंगी माहितीच्या ‘ट्री’चं, म्हणजे झाडाचं, चित्र काढायची आणि बाई अडवून अडवून विचारायच्या. "झाडाचं मूळ वर आणि फांद्या खाली? कुठल्या देशातलं झाड हे?" उत्तर द्यायला चिंगीला पुन्हा पुस्तक उघडावं लागे. ऐकता ऐकता बाईंचा पाय थांबायचा, आणि माझी सुई अर्ध्या टिपेत अडकून राहायची. लेक तर गेलीच होती, आता आईसुद्धा त्याच्याकडे बघू लागली. मी दाराआड नुसती धुमसत होते.

फेरपरीक्षेत चिंगी पास झाली. पुढे पदवीही मिळाली, आणि दुसऱ्या गावी नोकरीही. निघताना तिने मखमलीची पिशवी खांद्याला अडकवली आणि ती गेली.

बाईंनी मला पुन्हा खिडकीशी ओढलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं. उजेड मिळाला, जागा मिळाली. पण बाई शिवता शिवता थांबायच्या आणि काही विचारायला समोर कुणी नसायचं. घर इतकं सुनं झालं की माझी खडखड मलाच नकोशी वाटू लागली.

एका सकाळी चिंगीचा फोन आला. बाईंनी तो माझ्या फळीवर रिळाला टेकवून उभा केला.

"आई, बोलली नाहीस तरी चालेल. नुसती मशीन चालव. इथे फार शांतता आहे, कामात लक्ष लागत नाही."

बाईंनी अभ्रा घेतला आणि पायडल मारलं. पलीकडून लॅपटॉपच्या बटणांची टकटक सुरू झाली, आता चांगली दहा बोटांची. अर्धा तास त्या मायलेकी एक शब्द बोलल्या नाहीत. आम्ही दोघेच बोलत होतो, मी आणि तो.

आता असं वरचेवर होतं.

मित्रांनो, माझा मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. तिची बोटं त्याच्या अंगावर फिरतात, माझ्या नाही; ते अजून सलतं. तुमच्याही घरी नवं काही येईल, यायलाच हवं. त्याला चांगली जागा द्या, हवी तर मखमलही द्या. पण ज्याला मागे साराल त्याच्यावरची धूळ पुसत जा, आठवड्याला दोन थेंब तेल घाला, आणि अधूनमधून त्याचा आवाज ऐकायला मागा. जळणं काय, ते आमचं आम्ही बघून घेऊ.