कचोरीच्या दुकानावरचा ठिपका

संकष्टीच्या दिवशी प्रतिमा गणपतीच्या देवळात बसली होती आणि तिचा ठिपका कचोरीच्या दुकानावर.

धाकट्या जावेनं, रूपालीनं, वैशाली नगरातल्या त्यांच्या घरी सगळ्यांच्या मोबाइलवर एक अ‍ॅप टाकलं होतं. कोण कुठं आहे ते नकाशावर दिसायचं. त्या संध्याकाळी तिनं मोबाइल थेट सासूबाईंपुढं धरला. "बघा आई, ताईंचा उपास! मतलब, प्याज कचोरीवर सुटतो वाटतं."

इंदुमतीबाईंनी काही न विचारता देवघरातली पूजा प्रतिमाकडून काढून रूपालीला दिली. लग्नापासून जी समई प्रतिमानं रोज लावली, तिला आता हातही लावायचा नाही.

प्रतिमा रडली नाही. "बाप्पा, माझं तोंड बंद ठेव आणि डोळे उघडे ठेव," एवढंच तिनं मागितलं. समई परत मिळेपर्यंत चहातली साखर सोडली.

रूपाली दर सोमवारी उपास धरून महादेवाला जायची. तिचा ठिपका बागेत पडायचा. सासूबाई म्हणायच्या, "देऊळ तिथंच बाजूला असेल हो."

एका दुपारी प्रतिमाला सेटिंगमध्ये सापडलं. अ‍ॅपला आपली जागा 'अंदाजे' कळवायची की 'अचूक', असे दोन पर्याय होते. तिच्या मोबाइलवर 'अंदाजे' होतं, म्हणूनच ठिपका भलतीकडं पडला होता. तेव्हाच सासूबाईंना दाखवता आलं असतं. पण नुसतं निर्दोष ठरून तिचं समाधान होणार नव्हतं.

रविवारी जेवताना ती हळूच म्हणाली, "रूपाली, मोबाइल दे गं. ठिपका नीट करते. माझ्यासारखा तुझ्यावर बोल नको यायला."

"घ्या की! माझा ठिपका महादेवाच्या भरवशावर."

तिथंही 'अंदाजे'च होतं. प्रतिमानं 'अचूक' निवडलं.

सोमवारी संध्याकाळी ठिपका कचोरीच्या दुकानावर जाऊन थांबला.

"ठिपका चुकतो गं," सासूबाई पुटपुटल्या.

"माझा चुकला होता, आई." प्रतिमानं सेटिंग उघडून सगळं समजावलं. "हा चुकत नाही. चला, पाय मोकळे करून येऊ."

दुकानात रूपाली कोपऱ्यातल्या टेबलाशी होती, हनुवटीवर चटणी. सासूबाईंना बघून तिचा घास तोंडातच राहिला.

"आजपासून पूजा प्रतिमा करील," इंदुमतीबाई गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या आणि वळल्या.

प्रतिमा क्षणभर मागे थांबली.

"भैया, इनको एक और दीजिए," ती मृदू आवाजात म्हणाली. मग जावेच्या खांद्यावर हात ठेवला. "सावकाश खा गं. समई मी लावते."