बर्फावर अंथरलेले कोट

अठराशे एकोणपन्नासच्या जानेवारीत, भर दुपारी, हंगेरीच्या माणसांचा तिसरा हल्लाही फसला. टेकडीवरच्या गावातून ऑस्ट्रियाच्या बादशहाची फौज गोळ्या झाडत होती. परतीचा हुकूम सुटला होता. तुकडीची एकुलती एक तोफ खालच्या घळीत अडकली होती. सकाळी भुसभुशीत बर्फातून ती सहज उतरली होती. आता हजार पायांनी तुडवून परतीच्या चढाची काच झाली होती आणि मेन्यहेर्तकाकांचे चार घोडे गुडघे फोडून घेत होते.

चूक काकांचीच. ते मैदानातले गाडीवान. तिकडे मऊ माती, घोड्याला नाल कोण मारतो? तोफेवरच्या ओर्बानने, डोंगरातल्या लोहाराच्या पोराने, कालच सांगितलं होतं, "काका, नाल ठोकून घ्या." काकांनी मिशीला पीळ दिला होता. "तुमची तट्टं लेचीपेची असतील. माझ्या घोड्यांनी जन्मात लोखंड पाहिलं नाही!"

आता ओर्बानने खिळा न् हातोडा काढला. "तोफेच्या कानात, बत्तीच्या भोकात, ठोकतो. त्यांच्या हाती चालती तोफ नको."

"थांब रे!" काकांनी अंगातला जाड लोकरी झगा काढून घोड्यांच्या पायांखाली अंथरला. पुढचा घोडा उभा राहिला. ओर्बानने खिळा खिशात टाकला आणि आपला कोट पसरला.

हरलेल्या माणसांना पळायला निमित्त लागत नाही. पण ही माणसं थांबली. कुणी काही न सांगता चाळीस जणांनी कोट उतरवले, त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत! काय माणसं होती ती! मागचे कोट उचलून पुढे द्यायचं काम इल्येश शिंप्याने घेतलं. "घोडेमहाराज, माझ्या हातची शिवण आहे, जपून!" तो मागून ओरडत होता. माणसं हसत होती, गोळ्या येत होत्या, तोफ हातहात वर सरकत होती.

तोफ कड्यापलीकडे पोचली. सगळ्यांनी आपापले कोट झटकून चढवले. एक उरला.

"कुणाचा?" काकांनी विचारलं. मागून येणारा इल्येशचा आवाज केव्हाच थांबला होता. ओर्बानने घळीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

काकांनी लगाम त्याच्या हातात दिला, कोट काखेत मारला आणि उतार उतरू लागले.

"काका, गोळ्या चालल्यात! कुठं निघालात?"

"चूक माझी," काका मागे न बघता म्हणाले, "आणि उघडा तो पडलाय."