झुवैनाच्या पाण्याचा साक्षीदार

मी उत्तरेच्या आकाशातला एक जुना, वेडावाकडा, पाच ताऱ्यांचा पुंज आहे. मित्रांनो, तुम्ही मला शर्मिष्ठा म्हणता. ग्रीकांनी मला गर्विष्ठ राणी ठरवलं. लेकीच्या रूपाची बढाई मारली, म्हणून खुर्चीला बांधून आभाळात उलटं टांगलं म्हणे! मला अजून त्याचं वाईट वाटतं. ओमानच्या डोंगरातल्या लोकांनी मात्र मला मेंदी लावलेला हात मानलं आणि कामाला लावलं. तिथेच मी रमलो.

तिथे खजुरांना पाटाचं पाणी दर आठ दिवसांनी मिळतं, आणि रात्रीचे वाटे ताऱ्यांवर ठरतात. माझा पहिला तारा डोंगरावर आला की झुवैनाच्या बागेकडचं पाटाचं दार उघडायचं आणि शेवटचा आला की बंद करायचं. मधला पाऊण तास तिचा. नवरा गेल्यावर बावीस झाडं तिने याच पाण्यावर जगवली. "आला गं बाई माझा हात!" असं ती म्हणायची तेव्हा मी सुखावून जायचो.

पुढे गावात दिवे आले. झुवैनाच्या आधी ज्याचा वाटा असायचा, त्या वरच्या बागेच्या मुसल्लमने गच्चीवर एवढा मोठा दिवा लावला की त्याला मी दिसेनासा झालो. त्याने माझी उगवायची वेळ एकदाच कुणाला तरी विचारली, रात्रीचे दहा, आणि दर खेपेला फोनमध्ये दहा वाजले की मगच तो तिच्याकडे पाणी सोडू लागला. मी तर रोज चार मिनिटं लवकर उगवतो! दुसऱ्या खेपेला झुवैनाला जेमतेम पाव तास पाणी मिळालं. तिसऱ्या खेपेला खालच्या बागेचा सुलैयम माझ्या शेवटच्या ताऱ्यावर वेळ साधून पाणी न्यायला आला, तरी ते मुसल्लमकडेच होतं. झुवैनाच्या आळ्यात थेंब नव्हता आणि ऐन उन्हाळ्यात तिचे घड सुकत चालले होते. वरून बघताना माझा जीव तुटत होता.

झुवैना तडक मुसल्लमच्या गच्चीवर चढली. सुलैयमही मागोमाग आला.

"विधवेचं पाणी पितोस? अल्लाला काय तोंड दाखवशील?"

"मावशी, दहाला वीस कमी आहेत. फोन खोटं बोलतो का?"

"आधी तो दिवा मालव, मग शहाणपण शिकव!"

त्याने धुसफुसत दिवा मालवला. डोळे अंधाराला सरावले तसा डोंगरावर मी दिसलो, पाचही तारे उगवलेला.

"अगं आई! अख्खा हात वर?" मुसल्लमचा चेहरा पडला.

"तो रोज थोडा लवकर येतो, बाबा. तुझा फोन दहावरच पाय पसरून बसलाय."

सुलैयम हसला. "मावशी, आज माझ्या वाट्यातला पाऊण तास तू घे. मी पुढच्या खेपेला याच्याकडून वसूल करतो."

मुसल्लमने धावत जाऊन स्वतःच्या हाताने तिचं दार उघडलं. सुकल्या आळ्यांत पाणी शिरलं आणि झुवैना तिथेच मातीत बसून रडली.

मित्रांनो, मला नवस नको, नैवेद्य नको. तुमच्या गच्चीवरचा एखादा दिवा मालवा आणि मान वर करा. कोण जाणे, कुणाच्या तरी वाट्याचं पाणी तेवढ्यावरच अडलेलं असेल.